टेलला पाणी पोचतंय का?

(आटपाडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना मी एकवीस वर्षं तपासत होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन काढली की ते दवाखान्यात यायचे. सदऱ्याची उजवी बाही स्वतःच कोपराच्या वर दुमडायचे आणि हात टेबलावर ठेवून बसायचे. मी पट्टा बांधायचो, आकडा सांगायचो आणि तो आकडा ते खिशातल्या डायरीत लिहून घ्यायचे. गुरुजी गेले त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या मुलानं त्या डायऱ्या माझ्यापुढं ठेवल्या. एकवीस वर्षांचा दाब, तारीखवार. बहुतेक पानांवर वरचा आकडा १४० च्या आत. आणि तरी गुरुजी गेले ते हृदयविकाराच्या झटक्यानं.

डायऱ्या चाळताना मला दुसरंच काही दिसलं. शेवटच्या चार वर्षांत काही पानांच्या कडेला बारीक अक्षरात नोंदी होत्या. ‘स्टँडपर्यंत दोनदा थांबलो.’ पुढच्या वर्षी ‘तीनदा’. मग ‘बाजारात चारदा, डावी पोटरी.’ हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, असं मी बरेच दिवस मनाशी म्हणत होतो. खरी गोष्ट अशी की मी विचारलं नव्हतं. एकवीस वर्षांत त्यांच्या पायातले बूट मी एकदाही काढायला लावले नाहीत.

म्हणून आजचा विषय मी ठरवला तो घोट्यापाशी मोजायच्या रक्तदाबाचा. गुरुजींच्या नावानं बोलायला उभा राहताना दुसरा विषय मला सुचला नाही.

आपल्याकडं पायाला महत्त्व नाही असं नाही. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार खोंडांचा बाजार भरतो. तिथं घेणारा माणूस काय काय बघतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. दात बघतो, वशिंड बघतो, खूर बघतो. पण दातावरून वय कळलं, शिंगं पसंत पडली, तरी पैशाची बोलणी सुरू होण्याआधी तो एक गोष्ट करायला लावतोच. ‘जरा चालवून दाखवा.’ मालक कासरा धरून खोंड पन्नास पावलं नेतो आणि आणतो. घेणारा खाली बसून मागचे पाय बघत राहतो. पाय कसा उचलतो, कसा टेकतो, कुठं अडखळतो. त्यावर सौदा ठरतो. माणूस दवाखान्यात आला की मात्र आम्ही डॉक्टर त्याला खुर्चीवर बसवतो, आणि तो किती चालू शकतो हे न बघताच चिठ्ठी लिहून देतो.

गुरुजींना थांबायला लावणाऱ्या या विकाराचा, म्हणजे पायाच्या रोहिण्या अडण्याचा, शोधही एका जनावरापासूनच लागला आहे. १८३१ साली फ्रान्समधले बूले नावाचे पशुवैद्य एका घोड्याविषयी लिहून गेले. तो घोडा उभा असताना ठणठणीत. थोडं अंतर पळाला की मागचे पाय लंगडायचे. थांबवलं की काही वेळात पुन्हा बरा. तपासणीत मांडीच्या रोहिण्या गुठळ्यांनी बंद झालेल्या सापडल्या. हाच प्रकार माणसात असतो हे शार्को या थोर फ्रेंच वैद्यानं दाखवलं १८५८ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. घोड्याच्या मालकानं पाय बघितला म्हणून विज्ञानाला ही गोष्ट कळली.

या दुखण्याची खूण अगदी ठरलेली असते. चाललं की पोटरी भरून येते, आवळल्यासारखी होते. उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत ओसरते. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा तेच. गुडघ्याचं दुखणं असं वागत नाही. गुडघा बसून उठताना दुखतो, पायरी उतरताना दुखतो. कमरेतली शीर दबली असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, माणसाला बसावं लागतं किंवा पुढं वाकावं लागतं. रक्त कमी पडलेली पोटरी मात्र नुसतं थांबण्यावर समाधान मानते. कारण साधं आहे. स्नायू चालायला लागला की त्याला कितीतरी पट जास्त रक्त लागतं आणि अरुंद झालेली रोहिणी तेवढं देऊ शकत नाही. थांबलं की मागणी खाली येते आणि पुरवठा पुरतो.

आता तुमच्या रानातली गोष्ट. टेंभू योजनेचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत इकडं आणतात. हा तालुका दुष्काळाचा. हक्काच्या समान पाण्यासाठी इथं परिषदा झाल्या, मोर्चे निघाले. त्यामुळं पाण्याच्या दाबाची भाषा मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. चारीच्या मुखाशी पाणी धो धो वाहताना दिसतं म्हणून टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी खूश होत नाही. तो विचारतो, टेलला पोचलं का? डाळिंबवाला तर रोजच हे करतो. मोटर चालू केली की तो टाकीपाशी उभा राहत नाही, ओळीच्या शेवटच्या झाडापाशी जातो, वाकतो, तिथला ड्रिपर गळतोय का ते बघतो. गळत नसेल तर त्याला कळतं की मध्ये कुठंतरी क्षार साठलेत. मग तो नळीचं टोक उघडतो, आणि पहिल्या पाण्याबरोबर पांढरा गाळ बाहेर येतो.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजणं म्हणजे टाकीपाशी उभं राहणं. हृदयापासून दंड वीतभर लांब. घोटा हे शरीराचं टेल आहे.

एका बाबतीत शरीर ठिबकच्या नळीपेक्षा वेगळं आहे आणि ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा हिशेब चुकेल. नळीत टेलला दाब कमी होतो. निरोगी शरीरात, माणूस आडवा झोपलेला असताना, घोट्याचा वरचा दाब दंडापेक्षा थोडा जास्त भरतो, साधारण दहा-पंधरा मिलिमीटर. हृदयाच्या ठोक्याबरोबर रक्तात एक लाट उठते. ती खाली जाताना पुढच्या बारीक रोहिण्यांवर आपटून मागं फिरते आणि येणाऱ्या लाटेवर चढते, त्यामुळं लाटेचा माथा उंच होतो. म्हणजे घोट्याला दंडापेक्षा कमी भरलं तर ते नैसर्गिक नाही. वर कुठंतरी वाट अडली आहे.

दंडावर पट्टा बांधून दाब मोजायची युक्ती इटलीतल्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये काढली. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायचा हे रशियातल्या कोरोत्कॉफ या तरुण शल्यवैद्यानं १९०५ मध्ये सांगितलं. आजही आम्ही तेच करतो. पायाचा दाब हाताच्या दाबाशी ताडून बघायची कल्पना अमेरिकेतले विन्सर यांनी १९५० मध्ये मांडली. पण घोट्याशी स्टेथोस्कोपनं काही ऐकू येत नाही. अडचण तीच होती. ती सुटली साठच्या दशकात, जेव्हा वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं डॉपलरचं छोटं यंत्र हातात आलं. १९६९ साली लंडनमध्ये याओ आणि त्यांचे सहकारी, आणि कॅनडात कार्टर, यांनी घोट्याचा दाब किती घसरला आणि रोहिणी किती अडली याची सांगड घालून दाखवली.

आता मी या बाकावर आडवा होतो. माझ्या दवाखान्यातल्या सिस्टर माझा दाब मोजतील आणि माईक यंत्राजवळ धरतील. तुम्ही नुसतं ऐका.

(इथं प्रात्यक्षिक झालं. वक्ते दहा मिनिटं शांत पडून राहिले आणि त्या वेळात सभागृहात कोणी बोललं नाही. दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा दाब घेतला. घोट्याच्या आतल्या हाडामागं चमचाभर जेल लावून पेनासारखी सळई टेकवल्यावर माईकवरून ‘हुश्श-हुप, हुश्श-हुप’ असा आवाज आला. पट्टा फुगवल्यावर तो थांबला. हवा सोडताना जिथं पुन्हा सुरू झाला तो आकडा सिस्टरांनी मोठ्यानं वाचला.)

ऐकलंत ना? तो माझ्या पावलाकडं जाणाऱ्या रक्ताचा आवाज आहे. माझा उजवा दंड १३२, डावा १२८. घोटे १४६ आणि १४२. दोन्ही दंडांतला मोठा आकडा घ्यायचा, १३२. पायाचा आकडा त्यानं भागायचा. उजवीकडं १.११, डावीकडं १.०८. याला आम्ही एबीआय म्हणतो, मराठीत घोटा-दंड निर्देशांक म्हणा. १ ते १.४० असेल तर ठीक. ०.९१ ते ०.९९ म्हणजे काठावर. ०.९० किंवा त्याखाली म्हणजे पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असं धरून चालायचं. १.४० च्या वर गेला तर तो आनंदाचा आकडा नाही, त्याकडं मी येतो.

आडवं का व्हायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उभ्या माणसाच्या घोट्यावर हृदयापासून सव्वा मीटर उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा भार असतो, तोच ९० मिलिमीटरच्या वर होतो. उभ्यानं किंवा बसून मोजलं तर प्रत्येकाचा पाय उत्तम निघेल. म्हणून घरच्या यंत्राचा पट्टा घोट्याला गुंडाळून खुर्चीत बसल्या बसल्या आकडा बघू नका. तो खोटा असतो.

डॉपलर नसेल तर बोटानं नाडी बघता येते. पावलावर अंगठ्याच्या शिरेच्या बाजूला एक, घोट्याच्या आतल्या हाडामागं एक. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतःच लागत नाही, त्यामुळं ती एकटी लागली नाही म्हणून घाबरायचं नाही. दोन्ही लागल्या नाहीत तर मात्र डॉक्टरकडं जायचं. एक बारीक गोष्ट इथल्या आशाताईंसाठी आणि सिस्टरांसाठी सांगतो. आरोग्य केंद्रात बाळाचे ठोके ऐकायचं जे डॉपलर आहे ते पोटात खोलवर ऐकायला बनवलेलं असतं, दोन-तीन मेगाहर्ट्झचं. घोट्याची रोहिणी कातडीखाली लगेच असते, तिच्यासाठी आठ मेगाहर्ट्झची सळई लागते. हे न कळल्यामुळं ‘आवाजच येत नाही’ म्हणून चाचणी सोडून दिलेली मी पाहिली आहे.

आता मुख्य गोष्ट. पाय अडला तर पायाचं नुकसान, एवढंच असतं तर मी इतका वेळ घेतला नसता. ज्याच्या पायाच्या रोहिणीत मेदाचे थर साचले त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्या स्वच्छ असतील असं समजणं भाबडेपणाचं आहे. पाणी तेच, क्षार तेच, नळ्या त्याच. शेवटचा ड्रिपर बंद पडला तर बाग वाचवण्यासाठी तुम्ही अख्खी लाइन तपासता ना?

स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात १९८८ मध्ये ५५ ते ७४ वयाच्या १,५९२ स्त्री-पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. त्यात चालताना पोटरी दुखण्याचा त्रास होता फक्त ४.५ टक्के लोकांना. आणखी ८ टक्के असे निघाले की त्यांच्या रोहिण्या चांगल्याच अडल्या होत्या पण त्यांना काहीच जाणवत नव्हतं. म्हणजे दुखणाऱ्यांपेक्षा न दुखणारे जास्त. २००८ मध्ये अशा सोळा अभ्यासांतल्या ४८,००० हून अधिक माणसांची माहिती एकत्र केली गेली. निर्देशांक ०.९० किंवा कमी असलेल्यांत हृदयविकारानं आणि एकूणच मरण्याचं प्रमाण एकूण सरासरीच्या साधारण दुप्पट निघालं. वय, तंबाखू, कोलेस्टेरॉल, दंडाचा दाब यांवरून काढलेला धोका हिशेबात धरूनही. आणि त्यातली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की, घोट्याचा आकडा धरल्यावर ३६ टक्के बायकांचा धोक्याचा गट बदलला. पुरुषांत हे प्रमाण १९ टक्के होतं. बायकांच्या हृदयाकडं आपण किती कमी लक्ष देतो ते यातून कळतं. इथं बसलेल्या किती काकूंनी ‘पाय चालत नाहीत’ म्हटल्यावर घरच्यांनी ‘वय झालं’ म्हणून तेलाची बाटली पुढं केली असेल.

कमी आकड्याची ही झाली एक बाजू. दुसरीही आहे. हेलसिंकीत साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा असा अभ्यास झाला. त्यांत काहींचा दंडाचा दाब व्यवस्थित होता आणि घोट्याचा मात्र जास्त, १७५ किंवा वर. पुढची वर्षं लक्ष ठेवल्यावर अशा लोकांतही हृदयाचे मृत्यू जास्त दिसले. याचा अर्थ मी असा लावतो. रोहिणी लवचीक असेल तर ठोक्याची लाट ती थोडी पोटात घेते. ती ताठ झाली की लाट वेगानं खाली जाते, जोरात परत येते, आणि हा ताठपणा दंडावर दिसायच्या आधी घोट्यावर दिसतो. पुढं फार ताठ होऊन रोहिणीच्या भिंतीत चुना बसला की पट्ट्यानं ती दाबलीच जात नाही आणि आकडा १.४० च्या वर जातो. जुन्या मधुमेहात हे पुष्कळ दिसतं. अशा पायात आतून अडथळा असतो आणि वरून आकडा भरभक्कम दिसतो. मग पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा बांधून तिथला दाब घ्यावा लागतो. अंगठ्याची रोहिणी सहसा चुना धरत नाही.

चेन्नईत २००० च्या सुमारास मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच निर्देशांकानं शहरी वस्तीची तपासणी केली. एकूण लोकांत ३.२ टक्क्यांना पायाच्या रोहिण्यांचा विकार होता. साखर नसलेल्यांत २.७ टक्के, मधुमेहींत ६.३ टक्के. त्यानंतर देशात साखर किती वाढली ते बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार प्रौढांत ११.४ टक्के मधुमेही आणि ३५.५ टक्के उच्च रक्तदाबाचे आहेत.

या सगळ्यात पायाचा सर्वात मोठा शत्रू मात्र तंबाखू. बिडी-सिगारेटनं पायाच्या रोहिणीचा धोका दुप्पट ते चौपट होतो. हृदयापेक्षाही पायाला धुराची झळ जास्त बसते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. चुना-तंबाखूची चंची आणि मिश्रीची डबी. मिश्री लावणाऱ्या मावशींना मी विचारलं की त्या म्हणतात, ‘ती कुठं तंबाखू, ती दाताची पूड.’ जाळलेली तंबाखूच ती. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, दाब वर चढतो, ठोके वाढतात. धुराइतका तिचा पायावरचा परिणाम सिद्ध झालेला नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो, पण हृदयाचं नुकसान करायला तिला पायाची वाट लागत नाही.

एक प्रसंग सांगतो, नाव सांगत नाही. मेंढरं राखणारे एक आबा माझ्याकडं आले. आयुष्यभर कोकणाच्या वाटेनं मेंढरांमागं चाललेला माणूस. पायात जाड चामड्याच्या वहाणा, कानावर बिडी. मी विचारलं, ‘आबा, काय होतंय?’

‘डॉक्टरसायेब, मेंढरं पुढं जात्यात आन् मी मागं ऱ्हातोय.’

‘किती चालल्यावर?’

‘लई न्हाई. पयल्या बाभळीपासनं दुसऱ्या बाभळीपतूर. मग पोटरीत गोळा.’

त्यांनी बाभळी मोजल्या होत्या, गुरुजींनी थांबे मोजले होते. आपल्या माणसांना आपलं दुखणं नेमकं सांगता येतं. ऐकणारा लागतो. आबांच्या वहाणा काढल्या. डाव्या नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत, अंगठ्याचं नख जाड झालेलं, पाऊल उजव्यापेक्षा गार. दंड १४८, डावा घोटा ९२. भागलं तर ०.६२. छातीत कधी दुखलं नव्हतं. ईसीजी काढला तर हृदयाला आधी एकदा झटका येऊन गेल्याची खूण दिसली. त्यांना तो कधी आला ते माहीतच नव्हतं.

उपाय मी तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवण्यासारखे नाहीत. बिडी बंद. दाब, साखर ताब्यात. कोलेस्टेरॉल उतरवणारी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं, आणि ती मध्येच सोडायची नाही. फार थोड्यांना फुगा घालावा लागतो किंवा शस्त्रक्रिया लागते. आणि चालणं. दुखतं म्हणून बसून राहायचं नाही. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान तीन महिने. स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतो आणि चालायचं अंतर खरंच वाढतं. मात्र पावलावर जखम असेल, बोट काळं पडलं असेल, रात्री झोपेत पाय दुखून उठवत असेल आणि खाली लोंबकळवल्यावर बरं वाटत असेल, तर चालण्याचा नाद सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मधुमेह्यानं तर बाभळीचा काटा पायात मोडला तरी तसाच ठेवायचा नाही.

चालण्याची गोष्ट या मातीत वेगळी सांगायला लागावी याचं मला वाईट वाटतं. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. तिची सुरुवातच एका तरुण मास्तरच्या पायी चालण्यानं होते. त्या काळी शाळेला, बाजाराला, पाण्याला सगळं चालूनच. आमचे गुरुजीही उमेदीच्या वयात दोन वाड्यांच्या शाळा चालत सांभाळत. आता पाणी आलं, डाळिंब आलं, दारात मोटारसायकल आली. या समृद्धीसाठी इथल्या माणसांनी फार सोसलं आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात आनंदच आहे. फक्त पाय बसले. आणि सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर गेलेली आपली मंडळी दिवसभर भट्टीपुढं बसून असतात. दिवाळीला आणि जत्रेला गावी आल्यावर त्यांच्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांना मी आग्रहानं पाय दाखवायला सांगतो.

शरीर हलतं ठेवायचा आग्रह इथं जुनाच. आटपाडी औंध संस्थानात होती. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, आणि संस्थानच्या शाळांत त्यांनी ते लागू केले होते. प्रजेच्या शरीराची काळजी हे राज्यकर्त्याचं काम आहे असं मानणारा तो राजा होता. इथल्या जुन्या माणसांच्या पाठी ताठ आहेत त्यात त्याचाही वाटा असेल असं मला नेहमी वाटतं.

आजचं राज्य काय करतं, असं विचाराल. बरंच करतं. देशातला रक्तदाब नियंत्रणाचा मोठा उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत शेजारचा सातारा होता. उपकेंद्रापर्यंत गोळ्या पोचल्या, पाठपुरावा झाला. माझं म्हणणं एवढंच की त्या पट्ट्याला एक पाऊल खाली न्या. यावर मतभेद आहेत आणि ते मी लपवणार नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मंडळानं २०१८ मध्ये सांगितलं की काहीच त्रास नसलेल्या सरसकट सगळ्यांची ही चाचणी करावी असा पुरेसा पुरावा नाही. दुसरीकडं डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या पन्नास हजार पुरुषांवरच्या प्रयोगात पोटातल्या महारोहिणीची, दंडाच्या दाबाची आणि घोट्याच्या दाबाची तपासणी एकत्र केली तेव्हा पाच वर्षांत मृत्यू ७ टक्क्यांनी कमी झाले. यातलं कुठलं श्रेय एकट्या घोट्याचं ते वेगळं काढता येत नाही. म्हणून मी सगळ्यांचे घोटे मोजा असं म्हणत नाही. पासष्टीपुढचे, पन्नाशीपुढचे तंबाखूवाले आणि मधुमेही, आणि चालताना थांबावं लागणारा कुठल्याही वयाचा माणूस. एवढ्यांचे तरी मोजा. पंधरा मिनिटं लागतात, सुई टोचत नाही, उपाशी राहावं लागत नाही, सांगली-कोल्हापूरला जावं लागत नाही.

गुरुजींच्या मुलानं त्या डायऱ्यांतली शेवटची मला ठेवायला दिली आहे. ती माझ्या टेबलाच्या खणात असते. आता माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला दंडाला पट्टा बांधायच्या आधी मी विचारतो की स्टँडपासून इथवर येताना किती वेळा थांबलात.

उद्या शनिवार आहे, बाजाराचा दिवस. सकाळी आठपासून याच सभागृहाच्या मागच्या खोलीत दोन पलंग टाकले आहेत. सिस्टर आणि मी दुपारपर्यंत आहोत. मेंढरांचे सौदे झाले की या. येण्याआधी अर्धा तास बिडी-तंबाखू नको, चहाही नको. बायकांनी सैल बाहीचा झंपर घालून यावं, खोलीत पडदा लावलेला आहे आणि सिस्टरच मोजतील. वहाणा दाराबाहेर काढा आणि पाय धुऊन आलात तर बरं. बाहेर नळाखाली बादली ठेवली आहे.